शेवटच्या दिवशी सिगिरिया : जमेल, पण क्रम बदला

तुमचा बेत असा : ठाण्याहून २० जण श्रीलंकेला, रात्रीचं परतीचं विमान, आणि शेवटच्या दिवशी सकाळी दांबुलाची गुंफा-मंदिरं, दुपारी सिगिरिया हा उंच कातळावरचा प्राचीन किल्ला. हा क्रम उलटा करा. सिगिरियाला साधारण १,२०० पायऱ्या आहेत आणि वरच्या टप्प्यात सावली जवळजवळ नाही. अकरानंतर लोखंडी कठडासुद्धा हाताला चटका देतो. सकाळी उघडताच आत शिरा. पासपोर्ट सामानात टाकू नका, सार्क देशांच्या तिकिटाची सवलत तो दाखवल्यावरच मिळते.

खरी कोंडी होते ती भित्तिचित्रांकडे नेणाऱ्या अरुंद चक्री जिन्यावर. तिथे फोटोला बंदी आहे, त्यामुळे मोबाइल खिशात ठेवून पुढे सरकत राहा. पुढे सिंहाचे दोन प्रचंड पंजे लागतात, त्यांच्यामधून शेवटचा जिना सुरू होतो. ठाण्याच्या येऊर डोंगरावर रोज फिरणाऱ्यांना दम लागणार नाही, पण उंचीची भीती असणारे नेमके इथेच अडतात. त्यांनी पंजांपाशीच थांबावं, हा किल्ला बांधणाऱ्या पाचव्या शतकातल्या काश्यप राजाची जलउद्यानं तशीही खालीच आहेत. आणि इथे आरडाओरडा नको! कड्यावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत.

दांबुलाच्या पाचही गुंफांत चपला-बूट काढून जावं लागतं, फरशी तापते म्हणून मोजे ठेवा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिथे तो अपमान समजतात.

तिथून कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळाला बसने चार तास धरा. दुपारी दोननंतर दांबुलात रेंगाळू नका.