घरी सांगितलं तेव्हा तुमच्या बाजूनं कोण होतं?

धुऱ्यावरचा:
यंदा निंदणाला बाया मिळेनात म्हणून स्वतःच खुरपं घेऊन बसलो आणि २००९ आठवलं. बारावीत होतो. जुलैत दिल्ली हायकोर्टाचा कलम ३७७ चा निकाल आला होता, सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेले समलिंगी संबंध गुन्हा नाही असा. पारावर पेपर मोठ्यानं वाचून लोक खिदळत होते. मीही हसलो, त्याची लाज अजून वाटते. आठ-दहा दिवसांनी पऱ्हाटीत मी अन् मोठी माय, दोघंच. म्हटलं, मले पोरी आवडत नाईत, पोरं आवडतात. तिनं हातातली ओळ पुरी केली, लुगड्याला हात पुसले. "तुया बापाले आत्ता सांगू नको. कापूस निघू दे, चुकारा हाती आला का मी सांगतो." दिवाळीनंतर तिनंच सांगितलं. बाप बरेच दिवस बोलला नाही, मग एका सकाळी म्हणे, बैलं सोड.
तुमचं कसं झालं?

पोपटखिचडी:
मोठी माय वकील पाहिजे होती बाप्पा! बाकी यंदा एकरी किती येईल?

वर्ध्याचा भाचा:
अमरावतीला रूमवर पार्टनरला सांगितलं. म्हणे, मायावर तं जीव नाई ना बे? म्हटलं, थोबाड पाय आरशात. झालं. डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला त्या रात्री तोच मला राजकमल चौकात चहाला घेऊन गेला आणि कोर्टाला शिव्या घातल्या. ३७७ म्हणजे नेमकं काय, त्याला अजून सांगता येणार नाही.

शेवंता:
मी आई आहे, दुसऱ्या बाजूनं लिहिते. पोरानं सांगितलं तर आधी अंगारा लावला. मग तालुक्याच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं गोळ्या दिल्या, लग्न करून टाका म्हणे. पोरगं गुपचूप खात राहिलं, सहा महिने. पुढे नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजारच नाही तर औषध कशाचं? मानसोपचारवाल्यांच्या संघटनेनंही २०१८ ला तेच सांगितलं. आता तर "बदलून देतो" म्हणणं डॉक्टरचं गैरवर्तन धरतात. पण सहा महिने हो... कुकर झाला, येते.

मधलीच:
पोरांना चुकाऱ्यापर्यंत थांबता येतं. पोरीला बारावी झाली की पाहुणे सुरू. वहिनीला सांगितलं, ती म्हणाली मलाही नव्हतं करायचं लग्न. तिला कळलं की नाही कोण जाणे. पण पाहुणे यायचे म्हटलं की मला घेऊन माहेरी जाते, मोर्शीकडे. तीनदा झालं.

पोपटखिचडी:
मोर्शीत कुठं? मावशी आहे आमची तिकडे. संत्र्याचा आंबिया बहार लय गळाला म्हणे.

वर्ध्याचा भाचा:
अरे गाव काय विचारतो लेका, तिला लपायचं आहे. ताई, नागपूरला आपल्यासारख्यांसाठी काम करणारे सारथी ट्रस्टवाले आहेत, कधी आलीस तर भेट त्यांना.

मधलीच:
तालुका लिहायलाच नको होता. बघते, दादा. वहिनीला नागपूरला नातेवाईक नाही, काहीतरी कारण शोधावं लागेल.

शेवंता:
दवाखान्याचं सांग. दाढ दुखते म्हण, कोणी तपासत नाही.

धुऱ्यावरचा:
२०१८ ला सुप्रीम कोर्टानं परत गुन्हा नाही म्हटलं तेव्हा मोठी माय नव्हती. टीव्हीवर पाहून बापच म्हणे, आता पोलीस धरनार नाईत ना तुले? म्हटलं नाई. २०२३ ला आपल्यासारख्यांच्या लग्नाला कोर्टानं नाही म्हटलं, ते त्याला अजून सांगितलेलं नाही. कापूस निघू दे.

पोपटखिचडी:
अहो पण एकरी किती, ते राहिलंच.