जुना टीव्ही आणि स्वस्त डबा : खेड्यातल्या माणसानं दर महिन्याले रिचार्ज कायले मारावा?

कास्तकार_दारव्हा
राजेहो, विषय मांडून राहिलो, पटला नाही तर बिनधास्त खोडा. आमच्या गावात कितीतरी घरी जुना ढोल्या टीव्ही चालू स्थितीत पडून आहे, वरून चादर टाकली आणि चादरीवर देवाचा फोटो. कारण एकच, अँटेनावर आता काही येत नाही. दूरदर्शननं जुन्या अँटेनाले सिग्नल देणारे अॅनालॉग टॉवर टप्प्याटप्प्यानं बंद केले, मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या काही जागा सोडल्या तर जवळपास सगळे गेले. केबलचं त्याच्याही आधी, केबल डिजिटल करायचा २०११ चा कायदा आला, २०१३ ले नागपूर झालं आणि आपली खेडी शेवटच्या टप्प्यात, मुदत मार्च २०१७. सगळं डिजिटल करा म्हणे, पण जुन्या टीव्हीले लावायचा डबा (सेटटॉप बॉक्स) कोण घेऊन देणार याचा विचार कोणी केला नाही. माझं मत साफ आहे, डीडी फ्री डिश म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरची फुकट सेवा, तिची छत्री आणि डबा एकदाच घ्या, सगळं मिळून दीड-दोन हजारात काम होते, मग रिचार्ज नाही की काही नाही. सोयाबीनचा भाव पाहता दर महिन्याले टीव्हीसाठी पैसे मोजणं मले तरी परवडत नाही.

अमरावतीची_वहिनी
भाऊ, हिशोब बरोबर पण घरात टीव्ही पाहते कोण ते पण पाहा न. आमच्या सासूबाईंना संध्याकाळच्या मालिका लागतात आणि ज्या मोठ्या मराठी वाहिन्यांवर त्या येतात त्या फ्री डिशवर नाहीतच. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, जुने सिनेमे आहेत, बाकी हिंदी-भोजपुरीचा भरणा. दीड हजार वाचवून रोज संध्याकाळी घरात कुरकुर ऐकायची त्यापेक्षा मी रिचार्ज मारते.

कास्तकार_दारव्हा
वहिनी, मालिकेचं मान्य. पण क्रिकेट? २००७ च्या कायद्यानं महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल प्रसार भारतीले, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेले, द्यावाच लागते आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की तो सिग्नल दूरदर्शनच्या टॉवरवर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, खाजगी केबल-डिशवाल्यानं नाही. म्हणजे भारताची मॅच फुकटात पाहाची तर आमचाच डबा लागते.

पुसदचा_पोट्टा
काका, मॅच मोबाईलवर दिसते. कोण पाहते आता टीव्ही, रोजचा डेटा उरून राहिला. डबा-छत्री-वायर हे सगळं भंगार होणार आहे दोन-चार वर्षात.

धारणीचे_मास्तर
पोट्ट्या, एकदा मेळघाटात ये. रस्त्याच्या वळणावर एक रेंज, घरात शून्य. तिथं आभाळातून येणारा सिग्नलच चालतो, टॉवर असो नसो. आणि एका मोबाईलवर सात माणसं मॅच पाहत नाहीत. बाकी कास्तकार भाऊंच्या मुद्द्याला जोडून सांगतो, सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनच्या विकासाची बाइंड योजना मंजूर केली, २,५३९ कोटींची, त्यात दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती आणि नक्षलग्रस्त भागात ८ लाख फ्री डिशचे डबे फुकट द्यायचं ठरलं. अमेरिकेत २००९ च्या १२ जूनला अॅनालॉग बंद केलं तर त्याच्या आधीच घरटी दोन कूपन दिली, प्रत्येकी ४० डॉलरची, डब्यासाठी. आधी डबा, मग बंद. आपल्याकडे टॉवर २०२२ ला गेले आणि डब्याची योजना २०२३ ला. हे उलटं कसं काय?

वऱ्हाडी_तिरका
मास्तर, फुकटचं नाव काढलं की यादीत कोण बसते तुम्हाले माहीत आहे. ज्याच्या घरी मोठा एलईडी तोच पहिला. अनुदान नको, डबा स्वस्त करा, १८ टक्के जीएसटी आहे त्यावर तो कमी करा, लोक घेतील.

रिपेअरिंगवाला_आर्वी
दुकान आहे म्हणून बोलतो, कोणाची बाजू नाही. डब्याची किंमत हा अर्धाच हिशोब आहे. लोक बाजारातून बिननावाचा स्वस्त डबा आणतात, तो निघते फक्त एमपेग-२ वाला, म्हणजे सिग्नलच्या जुन्या पद्धतीचा, मग नव्या एमपेग-४ पद्धतीचे चॅनल येत नाहीत आणि माझ्या डोक्यावर ओरडतात. शंभर-दोनशे जास्त गेले तरी एमपेग-४ चाच घ्या, त्यात दोन्ही चालते. दुसरं, घ्यायच्या आधी टीव्हीच्या मागं पाहा, पिवळं-पांढरं-लाल भोक आहे का. जुन्या पोर्टेबलले फक्त अँटेनाचं भोक असते, त्याले डब्यासोबत मॉड्युलेटर, म्हणजे डब्याचा सिग्नल अँटेनाच्या भोकातून देणारं यंत्र, वेगळा लागते. आणि छत्री आग्नेयेकडे, आपल्याकडून बरीच वर उचलून. समोर कडुलिंबाची फांदी आली की गेला सिग्नल, अन जोराच्या पावसात तर जातेच, त्याले मी काही करू शकत नाही. लाइट येते-जाते त्यात अॅडॉप्टर जळते, डबा नाही जळत, पण माणूस डबाच फेकून देते.

अमरावतीची_वहिनी
बघा, हेच मी म्हणते. स्वस्त म्हणून घ्यायचं आणि मग मॉड्युलेटर घ्या, अॅडॉप्टर घ्या, छत्री फिरवायला माणूस बोलवा.

केबल_सोडलेला_वणी
वहिनी, तुमच्या पैसेवाल्या डब्याचं तरी काय सुख आहे? आमच्या गावचा केबलवाला धंदा बंद करून गेला, त्याचा डबा मी पैसे देऊन घेतला होता, तो आता दुसऱ्या कोणाकडे चालतच नाही. ट्रायनं, म्हणजे फोन-टीव्ही कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की देशातला कुठलाही सेटटॉप बॉक्स कुठल्याही कंपनीवर चालला पाहिजे, सिमकार्ड बदलतो तसं. माझा डबा मात्र कपाटावर पडला आहे. आणि २०१९ ला नुसत्या जोडणीचे दर महिन्याले जास्तीत जास्त १३० रुपये अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होते, ती मर्यादाही २०२४ मध्ये काढली. फ्री डिशचा डबा निदान कोणाच्या बापाचा गुलाम नाही.

वऱ्हाडी_तिरका
हे मात्र बरोबर बोलला भाऊ. स्वस्त-महाग सोडा, डबा आपला पाहिजे.

पुसदचा_पोट्टा
आपला डबा, सरकारचा उपग्रह. उद्या चॅनल काढले तर काय करसान? फ्री डिशवर जागेचा लिलाव होते, खाजगी चॅनल आज आहे तर उद्या गायब.

कास्तकार_दारव्हा
गेले तर गेले. डीडी किसान, सह्याद्री, बातम्या राहतात, बाबाले तेवढंच लागते. रिपेअरिंगवाले भाऊ, आर्वीहून दारव्ह्याले येता का छत्री बसवाले?

रिपेअरिंगवाला_आर्वी
दारव्हा लांब पडते न भाऊ. तिथंच कोणी पोरगं पाहा, पाना आणि सिग्नल मीटर असला की झालं. टीव्हीच्या मागच्या भोकाचा फोटो टाका आधी.