नाइटफोर्सची नवी प्रकाशने : जुन्या रेव्हची नक्कल की पुढचे काम?

पुणेरी_ब्रेक यांचा प्रश्न

नमस्कार. ल्यूना-सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रिस हॉवेल यांनी १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या नाइटफोर्स या स्वतंत्र लेबलची (संगीत प्रकाशित करणाऱ्या संस्थेची) अलीकडची प्रकाशने मी सध्या सलग ऐकत आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताशी माझी ओळख गोव्याच्या ट्रान्समधून झाली, त्यामुळे प्रत्येक मात्रेवर सरळ पडणाऱ्या किकची, म्हणजे ड्रमच्या जड ठोक्याची, कानाला सवय आहे. येथे मात्र तुकडे करून उलटसुलट जोडलेले ड्रम, वेग वाढवल्याने बारीक झालेले गाणाऱ्यांचे आवाज आणि मध्येच उसळून येणारा पियानो असा सगळा मामला आहे. ऐकायला मजा येते, परंतु एक शंका सतत मनात राहते. रेव्हच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळाव्यांतील संगीताच्या, ३० वर्षांपूर्वीच्या साच्यात आज तयार केलेल्या या संगीताला नवे म्हणावे, की ती केवळ उत्तम वठलेली नक्कल आहे? शिवाय भारतात राहून व्हिनाइलची रेकॉर्ड मागवावी की फाइलवर भागवावे, याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लेस्टरचा_श्रोता

आपल्या शंकेचे उत्तर या लेबलच्या जन्मकाळातच शोधावे लागेल. हॉवेल हे स्मार्ट ईज या त्रिकुटातील एक. १९९२ मध्ये सबर्बन बेस या लेबलवर आलेले त्यांचे ‘सेसमीज ट्रीट’ हे गाणे लहान मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकसंगीतावर बेतलेले होते आणि ते ब्रिटिश एकेरी गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्या आधीच्या वर्षी प्रॉडिजी या ब्रिटिश गटाचे ‘चार्ली’ असेच गाजले होते, आणि अशा गाण्यांनी रेव्ह संगीताचा पोरखेळ केला, अशी टीका नियतकालिकांतून उघडपणे होऊ लागली होती. १९९२ च्याच मे महिन्यात इंग्लंडमधील कासलमॉर्टनच्या माळरानावर हजारो लोकांचा मोफत मेळावा भरला आणि सरकारचे धोरण कठोर झाले. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्यात तर एकामागून एक येणाऱ्या, पुनरावृत्त ठोक्यांचे संगीत अशी या संगीताची व्याख्याच लिहिली गेली.

या सगळ्या गदारोळात खुद्द संगीत मात्र विलक्षण वेगाने बदलत होते. १९९१ मध्ये मिनिटाला साधारण १३० ठोक्यांच्या आसपास असलेला वेग दोन-तीन वर्षांत १६० च्या घरात गेला, आणि त्या ओघात एक वाट काळोख्या, बासप्रधान ‘जंगल’ या शैलीकडे, तर दुसरी पियानो आणि गाण्यांनी भरलेल्या ‘हॅपी हार्डकोर’ या शैलीकडे वळली. जिमी जे आणि क्रू-एल-टी यांच्या ‘सिक्स डेज’सारख्या नाइटफोर्सच्या रेकॉर्ड दुसऱ्या वाटेवरच्या मानल्या जातात, पण त्यांतले ड्रम लक्ष देऊन ऐकल्यास पहिल्या वाटेशी असलेले नाते सहज ओळखू येते.

माझ्या मते मुद्दा येथेच आहे. दोन्ही वाटा एकत्र असतानाचा काळ इतका अल्प ठरला की त्यातील कितीतरी शक्यता कोणी तपासल्याच नाहीत. सगळे पुढच्या महिन्याच्या आवाजामागे धावत होते. आज या लेबलवर त्या काळचे निर्माते आणि तेव्हा जन्मलेही नसतील असे तरुण जेव्हा त्या फाट्यावर परत जाऊन काम करतात, तेव्हा त्यातील चांगले काम १९९३ मध्ये होऊ शकले असते, पण झाले नाही, असे असते. त्याला मी नवेच म्हणेन.

जुनी_तबकडी

लेस्टरच्या मित्रांचे म्हणणे उदार आहे, परंतु मी इतका उदार होऊ शकत नाही. नव्या प्रकाशनांतील निम्म्या गाण्यांत तोच ‘हूव्हर’ नावाचा सिंथेसायझरचा गुरगुरता आवाज, तोच पियानो आणि तीच किंचाळी क्रमाने हजेरी लावते. एखाद्या ईपीवरील (मोजक्या गाण्यांच्या प्रकाशनातील) चार गाण्यांपैकी एक खरे निघते. अर्थात १९९२ मध्येही प्रमाण याहून वेगळे नव्हते. वाईट रेकॉर्ड विस्मरणात गेल्या, इतकेच.

सॅम्पलरवाला

मी या पद्धतीने संगीत तयार करण्याचा प्रयत्न करत असल्याने एक तांत्रिक बाब मांडतो. त्या काळी लोकप्रिय असलेला अकाई एस-९५० हा सॅम्पलर (ध्वनीचे तुकडे नोंदवून हवे तसे वाजवणारे यंत्र) १२ बिटांचा होता आणि त्याची स्मृती वाढवूनही २.२५ मेगाबाइटच्या पुढे जात नसे. म्हणून निर्माते मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या गतीची रेकॉर्ड ४५ वर वाजवून तो तुकडा नोंदवत आणि नंतर सॅम्पलरमध्ये त्याची पट्टी खाली आणत, जेणेकरून कमी जागेत जास्त ध्वनी बसेल. त्यातून येणारा खरखरीतपणा ही काटकसरीची निष्पत्ती होती. आज संगणकावर जागेची ददात नाही, त्यामुळे कोणता तुकडा टाकून द्यायचा हे ठरवण्याची सक्ती उरलेली नाही, आणि सुमार नक्कल नेमकी येथे उघडी पडते : तिच्यात सगळे काही एकाच वेळी वाजत असते.

ऐकताना केवळ ड्रमकडे लक्ष द्यावे. द विन्स्टन्स या अमेरिकी वाद्यवृंदाच्या १९६९ मधील ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेला जेमतेम सहा-सात सेकंदांचा तुकडा या संगीतात अगणित वेळा आला आहे. तो तसाच फिरवत ठेवला आहे, की प्रत्येक ठोका सुटा करून नवी चाल बांधली आहे, यावरून निर्मात्याची मेहनत कळते. जाता जाता सांगतो, कोलमन यांना या तुकड्याचे मानधन कधीच मिळाले नाही आणि २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१५ मध्ये चाहत्यांनी सुमारे २४,००० पौंडांची वर्गणी जमवून वृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिली, तेव्हा कुठे थोडी भरपाई झाली. मूळ ध्वनी कोणाचा, हा प्रश्न या साऱ्या लेबलांच्या पायाखाली कायम आहे आणि तो नव्या प्रकाशनांनाही सुटलेला नाही.

पुणेरी_ब्रेक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सॅम्पलरवाला यांच्या सूचनेप्रमाणे काल पुन्हा ऐकले आणि ज्या दोन गाण्यांकडे मी परत परत वळत होतो, त्यांत ड्रम दर चार मात्रांनी बदलतात, हे प्रथमच जाणवले. आता रेकॉर्डविषयी कोणी सांगेल का?

लेस्टरचा_श्रोता

१२ इंची रेकॉर्ड ४५ च्या गतीवर, दर बाजूस दोन गाणी असल्यास खोल बास नीट उमटतो. एकाच बाजूवर त्याहून जास्त संगीत कोंबले की खाचा जवळ येतात आणि आवाज दबतो. आपण डीजे म्हणून वाजवणार नसाल, तर नव्या ईपीसाठी संक्षेप न केलेली डब्ल्यूएव्ही फाइल पुरेशी आहे आणि ती लेबलकडून थेट विकत घेतल्यास पैसा मधल्या मध्ये झिरपत नाही.

जुनी_तबकडी

मुंबईत रेकॉर्ड मागवणाऱ्याचा अनुभव सांगतो. टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून एका रेकॉर्डच्या किमतीपेक्षा अनेकदा जास्त भरतात, म्हणून आम्ही मित्र एकत्र मागणी नोंदवतो. एप्रिल-मे मध्ये पार्सल मागवू नये, कारण उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोत रेकॉर्ड वाकते. छपाई मोजक्याच प्रतींची असते, त्यामुळे आवडलेल्या ईपीसाठी पूर्वनोंदणी करून ठेवावी आणि पाठवणी पावसाळ्यानंतर करण्याची विनंती करता येते का, ते आधी विचारून घ्यावे.