मच्छीमार वस्तीत संडास आहेत पण वापरत नाहीत, काय करू?

बडोदेकरीण: नमस्कार मंडळी, मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. आम्ही पाचसहा बायका महिन्यातून दोनदा भरूचच्या पुढे नर्मदेच्या मुखाकडे एका माछी वस्तीत मुलांना शिकवायला जातो. पावसाळ्यात हिलसा लागला की सगळं घर मासळीतच असतं. बहुतेक घरांमागे सरकारी 12,000 च्या मदतीतून बांधलेला संडास आहे पण आत जाळी ठेवलीयेत, बायका अजून पहाटे अंधारात काठावर जातात. मी सवयीचा प्रश्न समजून दोनदा भाषण दिलं, मग एका आजींनी हात धरून मागे नेऊन दाखवलं की उधाणाला खड्डा खालून भरतो आणि घाण वर येते. मला फार वाईट वाटलं. त्यात पोरांना सारखे जुलाब. काय सुचवू त्यांना?

रिटायर्ड_पाणीवाला: ताई, आजी बरोबर बोलल्या. शोषखड्ड्याचा तळ आणि जमिनीतलं पाणी यात साधारण 2 मीटर अंतर लागतं, उधाणाच्या पट्ट्यात ते कुठून मिळणार! तिथे खोल खणायचंच नाही, खड्डा जमिनीच्या वर काढून भोवती मातीचा भराव घालायचा, जोतं उंच, चारपाच पायऱ्या वाढतील, म्हाताऱ्यांसाठी कठडा लावा. हातपंप खड्ड्यापासून 10 मीटरच्या आत असेल तर ते पाणी पिऊ नका.

वरसोलीची_लेक: मी अलिबागजवळच्या वरसोलीची, कोळ्यांची पोर, लग्न करून बडोद्यात आले. आई मासळी धुतलेलं पाणी माडाला घालायची, आतडी न् कल्ले खड्ड्यात पुरून वर राख, नाहीतर माशा थेट भातावर. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर टांगायचे, जमिनीवर कधीच नाही. कोयती आणि भाकरीची परात एकत्र धुतलेली तिला अजिबात चालायची नाही. काटा लागला की गोड्या पाण्याने साबण लावून धुवायला लावायची, मावशीचं बोट न धुतल्याने पिकलं होतं ना. पण ताई, गोडं पाणी जिथे हंड्याने लांबून आणतात तिथे हात धुवा म्हटलं तर प्यायच्या पाण्यातून धुणार का? बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून दाराशी उलटी टांगा, साबण शेजारी, थोड्या पाण्यात काम होतं.

नर्सताई_मांजलपूर: खाडीच्या पाण्यात पटकीचे (कॉलराचे) जंतू बारीक जलजीवांना चिकटून असतात. बांगलादेशात अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांच्या टीमने बायकांना जुन्या सुती साडीच्या घड्या करून पाणी गाळायला शिकवलं, 2003 साली निष्कर्ष छापले, पटकी जवळपास निम्म्यावर आली. साडी जुनीच हवी, वापरून धागे सैल होतात आणि जाळी बारीक होते. गाळून झालं की साडी धुवून उन्हात टाका, आणि जमेल तिथे पाणी उकळाच, गाळणं म्हणजे उकळणं नव्हे. जुलाब लागले तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, घोट घोट देत राहा. पोर मलूल झालं, डोळे खोल गेले की मात्र लगेच दवाखाना.

बडोदेकरीण: खूप आभार सगळ्यांचे. खड्ड्याचं आधी आजींशी बोलते, पाणी कुठवर चढतं ते त्यांनाच पक्कं माहिती. रविवारी जाणार आहोत, कुणाकडे जुन्या सुती साड्या असतील तर शनिवारपर्यंत सांगा, मी येऊन घेऊन जाईन.