मदत हवी आहे: दरवाढीनंतरची खरी बचत मोजायची कशी?

वीजदर वाढल्यावर घरातला वापर खरंच किती घटतो, ते काढायचंय. नुसती मागच्या महिन्याशी तुलना फसवी ठरते: हवा गार झाली की एसी आपोआप कमी चालतो आणि श्रेय दरवाढीला जातं. बिलाचे दिवसही कधी 28, कधी 33. म्हणून रोजची सरासरी युनिट्स काढून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहतोय.

अडतंय ते गीझरपाशी. 15 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला साधारण 0.6 युनिट लागतं. तेवढ्यात 9 वॉटचा दिवा 66 तास जळतो. तरी दर वाढला की लोक आधी दिवेच विझवतात, कारण ते डोळ्यांसमोर असतात!

2000 वॉटचा गीझर हे काम 18 मिनिटांत उरकतो. अर्ध्या तासाच्या मीटर-नोंदीत मात्र सरासरी 1200 वॉटच दिसतात, आणि वेळ दोन नोंदींत विभागली गेली तर तेही नाही. त्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर सतत चालू-बंद.

स्वतंत्र मीटर न बसवता अशा नोंदींतून गीझरचा वाटा वेगळा काढता येतो का? की पाच मिनिटांच्या नोंदी लागतीलच? कुणी केलं असेल तर कृपया पद्धत सांगा.