पोकळ भिंतीत थर्माकोलचे मणी भरावेत का?

खानापूरकर: पश्चिमेची भिंत दुहेरी विटांची, मधे दोन इंच पोकळी. आषाढात आईच्या खाटेमागच्या गिलाव्याला बोट लावलं की भुगा पडतो. आयर्लंडातला भाऊ म्हणतो, तिकडे भोकं पाडून डिंक लावलेले थर्माकोलचे मणी फुंकून भरतात. भरू का?

निपाणीचा गवंडी: दादा, ते घरातली ऊब राखायला. आपलं दुखणं पाऊस! झोडपणाऱ्या पावसात भरलेल्या पोकळीतून ओल आत यायची भीती. आधी बाहेरच्या भेगा बुजवा.

वडगाव, बेळगाव: पोकळीत वायरी आहेत का बघा. थर्माकोलला टेकलेलं वायरीवरचं पीव्हीसीचं (प्लास्टिकचं) आवरण हळूहळू कडक होऊन तडकतं. आम्ही सगळ्या पाइपातून नेल्या.

खानापूरकर: आहेत, नुसत्याच सोडल्यात. मण्यांचं राहू दे. मिरगाआधी भेगा बुजवून पत्रा दीड फूट पुढे काढतो.