स्वस्त दूध की खात्यात पैसे?

कुणीतरी म्हटलंय की लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांना सवलतीत दूध कशाला, सरळ खात्यात पैसे टाका, भानगडच नको. अर्धंच पटलं. पैसे घरखर्चात कधी विरघळतात कळतही नाही, पण दुधाचंही तेच होतं की, सवलतीच्या दुधाचं कार्ड पोराच्या नावावर आणि पातेल्यात पाणी घालून पुरवतात सगळ्यांना, मग पोराच्या वाट्याला काय उरणार?

मेक्सिकोत लिकोन्सा म्हणून सरकारी कंपनी आहे (आता नाव बदलून 'लेचे पारा एल बिएनेस्तार' झालंय), ती असंच सवलतीत दूध देते, मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, साठीपुढचे लोक अशी यादी ठरलेली. मला त्यातली भारी गोष्ट सवलत नाही वाटत, तर दुधात लोह, झिंक, फॉलिक अ‍ॅसिड घालतात ती. कारण दुधात कॅल्शियम भरपूर (लिटरमागे साधारण १२०० मिग्रॅ), पण लोह जवळपास नाहीच. नुसत्या दुधावर वाढलेलं पोर गुटगुटीत दिसतं आणि अ‍ॅनिमिक, म्हणजे अंगात रक्त कमी असलेलं, निघतं! वर्षाच्या आतल्या बाळाला तर गाईचं दूध मुख्य आहार म्हणून द्यायचंच नसतं, त्यामुळे तिथे आईला दूध द्या आणि बाळाला आईचं.

म्हाताऱ्यांचं वेगळंच, बऱ्याच जणांना दूध पचत नाही, पोट फुगतं. त्यांना त्याच कार्डावर दही घ्यायची सोय का नसावी? योजना आखणाऱ्यांना हे सुचत कसं नाही देव जाणे.